घरचं राउटिंग आणि बँडविड्थची मर्यादा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोथरूड, कर्वेनगर आणि पेठांमधल्या ओळखीच्या घरांत मी लिनक्स किंवा बीएसडी या मोफत ऑपरेटिंग सिस्टिमवर चालणारे राउटर लावून देतो. लावल्यावर दोन-चार दिवसांत फोन येतात आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. ते इथे एकत्र केले आहेत. आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत. टाइप करताना ती मूळ रोमन रूपातच द्यायची.

१. ऑपरेटरने दिलेला राउटर चालतोय. मग हा खटाटोप कशासाठी?

चालत असेल आणि घरात कुणाची तक्रार नसेल, तर काहीही बदलू नका. तक्रार सुरू होते ती साधारण अशी: आईचा डॉक्टरांशी व्हिडिओ कॉल चालू आहे, त्याच वेळी कुणाच्या तरी मोबाइलमधले लग्नाचे फोटो क्लाउडवर चढायला लागतात, आणि कॉलमधला चेहरा गोठतो. ऑपरेटरच्या डब्यात यावर इलाज करायची सोय बहुधा नसते. स्वतःचा राउटर लावायचं माझ्या दृष्टीने एकच ठोस कारण आहे: डेटाची रांग आपल्या ताब्यात येते. जाहिराती अडवणं, कॅमेरे वेगळ्या नेटवर्कवर ठेवणं हे त्यासोबत मिळतं, पण त्यासाठी एवढी मेहनत घ्या असं मी सांगणार नाही.

२. माझा प्लॅन १०० एमबीपीएसचा आहे, तरी कॉल अडखळतो. २०० चा घेऊ का?

आधी एक छोटी चाचणी करा. घरात सगळं शांत असताना जवळच्या एखाद्या सर्व्हरला पिंग लावा, म्हणजे छोटं पॅकेट पाठवून उत्तर यायला किती मिलिसेकंद लागतात ते मोजा. मग दुसऱ्या मशीनवरून मोठी फाइल अपलोड करायला लावा आणि पिंगचे आकडे बघत बसा.

कर्वेनगरला एका फ्लॅटमध्ये कॉट बेसिसवर राहणारी पाच मुलं एमपीएससीचा अभ्यास करतात. त्यांच्याकडे मी हीच चाचणी केली. शांत असताना ६ मिलिसेकंद. एकाने ड्राइव्हवर व्हिडिओ चढवायला घेतला आणि आकडा ८०, ३१०, ७४० असा चढत गेला. ऑनलाइन लेक्चरला बसलेल्या मुलाने तेवढ्यात हेडफोन काढून विचारलं, "दादा, आत्ता काय केलंत? आवाज गेला." लाइन तीच, प्लॅन तोच.

पुणे ते मुंबई अंतर सुमारे १५० किलोमीटर. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन दीड मिलिसेकंद. मग उरलेला पाऊण सेकंद गेला कुठे? रांगेत. ऑपरेटरच्या डब्यात पॅकेट साठवायला जागा असते. अपलोडचा वेग १० एमबीपीएस आणि साठवण १ मेगाबाइट धरली, तर भरलेली रांग रिकामी व्हायला ०.८ सेकंद लागतात. कॉलचं बिचारं छोटंसं पॅकेट त्या सगळ्याच्या मागे उभं राहतं.

या दुखण्याला 'बफरब्लोट' म्हणतात. जिम गेटिस यांनी २०१०च्या सुमारास ते लोकांसमोर ठळकपणे मांडलं. कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी २०१२ मध्ये 'कोडेल' हा उपाय दिला: पॅकेट रांगेत किती वेळ थांबलं ते मोजायचं, आणि सगळेच जास्त वेळ थांबायला लागले की थोडी पॅकेट टाकून द्यायची, म्हणजे पाठवणारा वेग कमी करतो. त्याच वर्षी 'एफक्यू-कोडेल', म्हणजे प्रत्येक कनेक्शनला वेगळी रांग देणारं कोडेल, लिनक्स ३.५ मध्ये आलं, आणि २०१८ मध्ये लिनक्स ४.१९ सोबत 'केक', ज्यात हीच रांगेची शिस्त आणि वेगाची मर्यादा एकत्र मिळते.

थोडक्यात, तुमच्या चाचणीत पिंग चढला असेल तर २०० चा प्लॅन घेऊन दुखणं कमी वेळा जाणवेल, पण जाणार नाही.

३. माळ्यावरचा जुना कॉम्प्युटर राउटर म्हणून चालेल का?

चालेल, पण आधी विजेचा हिशोब करा. राउटर दिवसरात्र चालतो. ७० वॅट ओढणारा डेस्कटॉप महिन्याला साधारण ५० युनिट खातो. १० वॅटचा मिनी पीसी किंवा तत्सम छोटा बोर्ड ७ युनिट. महावितरणच्या बिलात तुमचा स्लॅब कोणता ते बघा आणि ठरवा. शिकण्यापुरता जुना डेस्कटॉप वापरून महिनाभराने छोट्या मशीनवर जाणं हा मला पटलेला मार्ग.

दोन नेटवर्क पोर्ट हवेत. रास्पबेरी पाय ४ या छोट्या बोर्डला एकच आहे, पण त्याच्या यूएसबी ३ वर गिगाबिट ॲडॉप्टर लावला की काम भागतं. पाय ३बी प्लस घेऊ नका. त्याचं गिगाबिट पोर्ट आतून यूएसबी २ वर असल्यामुळे ३०० एमबीपीएसच्या आसपास अडतं. वापरलेली इंटेलची नेटवर्क कार्डं तपकीर गल्लीत विचारून बघा. कार्ड हातात घेतल्यावर पोर्टच्या आतल्या सोनेरी पट्ट्या काळ्या पडल्या आहेत का ते आधी पाहा.

४. लिनक्स, फ्रीबीएसडी, ओपनबीएसडी की ओपनडब्ल्यूआरटी?

मर्यादा आणि रांगेची शिस्त हेच मुख्य काम असेल तर लिनक्स, कारण केक फक्त तिथेच आहे. टर्मिनलची सवय नसेल तर ओपनडब्ल्यूआरटी घ्या. तेही लिनक्सच आहे, आणि त्यातल्या 'एसक्यूएम' पॅकेजमध्ये चार रकाने भरले की केक चालू होतं.

ओपनबीएसडीची 'पीएफ' ही फायरवॉल वाचायला सर्वांत स्वच्छ आहे. २००१ मध्ये ओपनबीएसडी ३.० सोबत ते आलं आणि त्याची नियमांची फाइल आजही साध्या वाक्यांसारखी वाचता येते. त्यात 'क्यू'च्या ओळीत 'फ्लोज' हा शब्द दिला की एफक्यू-कोडेल मिळतं. फ्रीबीएसडीत हेच काम 'डमीनेट' करतं. एक सावधगिरी: पीएफबद्दलच्या जुन्या लेखांत 'ऑल्टक्यू' ही रांगेची जुनी पद्धत असेल तर ते ओपनबीएसडीवर चालणार नाही. २०१४ मध्ये ते काढून टाकलं.

खालची उत्तरं लिनक्स धरून आहेत. जिथे बीएसडीत वेगळं आहे तिथे तसं सांगितलं आहे.

५. ऑपरेटरचा डबा काढून टाकायचा का?

फायबरचा ओएनयू काढता येत नाही, कारण प्रकाशाचा सिग्नल तोच उलगडतो. ऑपरेटरला फोन करून तो 'ब्रिज मोड'वर टाकायला सांगा, म्हणजे तो स्वतः राउटिंग न करता डेटा तसाच पुढे देईल, आणि पीपीपीओईचं, म्हणजे ऑपरेटरकडे लॉगिन करायच्या पद्धतीचं, युजरनेम-पासवर्ड मागून घ्या. सोबत 'व्हीलॅन आयडी आहे का' हेही विचारा (एकाच केबलवरची वेगवेगळी नेटवर्क ओळखायचा क्रमांक). हा एक आकडा न विचारल्यामुळे लोकांच्या संध्याकाळी वाया गेलेल्या मी पाहिल्या आहेत.

ऑपरेटर ब्रिज करून देत नसेल तर दुहेरी नॅटवर चालवा, म्हणजे पत्ते बदलायचं काम डबा आणि तुमचा राउटर दोघंही करतील (नॅट काय ते प्रश्न ६ मध्ये). घरगुती वापराला फारसं बिघडत नाही. फक्त दोन्हींचे पत्ते वेगळे ठेवा. डब्याचा पत्ता १९२.१६८.१.१ असेल आणि तुम्हीही आत १९२.१६८.१ चीच मालिका दिलीत, तर पॅकेट कोणत्या पोर्टने पाठवायचं हे राउटरला ठरवता येत नाही. मी आतल्या बाजूला १९२.१६८.५७ सारखी सहसा कुणी न वापरलेली मालिका देतो. ऑफिसच्या व्हीपीएनशी टक्कर होण्याची शक्यताही त्याने कमी होते.

६. राउटिंग चालू करायला नेमकं काय काय लागतं?

चार गोष्टी. पहिली, एका पोर्टवर आलेलं पॅकेट दुसऱ्या पोर्टने पुढे पाठवायची परवानगी. लिनक्समध्ये 'सिसकंट्रोल'मधलं 'आयपी-फॉरवर्ड' १ करायचं आणि फाइलमध्ये कायमचं लिहून ठेवायचं, नाहीतर रीबूटनंतर ते परत शून्य होतं. फ्रीबीएसडीत 'आरसी-कॉन्फ'मध्ये 'गेटवे-एनेबल' येस.

दुसरी, नॅट. घरातले पत्ते खासगी असतात आणि ते बाहेर चालत नाहीत, म्हणून बाहेर जाताना राउटर स्वतःचा पत्ता लावतो. लिनक्सच्या 'एनएफटेबल्स' या फायरवॉलमध्ये पोस्टराउटिंगच्या साखळीत बाहेरच्या इंटरफेसवर 'मास्करेड' एवढी एक ओळ पुरते. पीपीपीओई असेल तर बाहेरचा इंटरफेस 'पीपीपी-शून्य' असतो, इथरनेटचं पोर्ट नव्हे. ही चूक सर्रास होते.

तिसरी, फायरवॉल. आतून बाहेर जाऊ द्या, सुरू झालेल्या संवादाची उत्तरं आत येऊ द्या, बाहेरून आपणहून आलेलं सगळं थांबवा. नॅट आहे म्हणजे फायरवॉल आहे असं समजू नका. का, ते प्रश्न १५ मध्ये आहे.

चौथी, आतल्या मशीनना पत्ते आणि डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणं. 'डीएनएसमास्क' हा एकच प्रोग्रॅम दोन्ही करतो. उबुंटूवर तो 'पोर्ट ५३ वापरात आहे' म्हणून थांबला, तर 'सिस्टिमडी-रिझॉल्व्ड'ने ते पोर्ट धरलेलं असतं (इथे पोर्ट म्हणजे केबल लावायची जागा नव्हे, डीएनएसचा ठरलेला क्रमांक). त्याचा स्थानिक लिसनर बंद करा.

७. पिंग जातो, काही साइट उघडतात, पण बँकेची साइट अर्धवट लटकते. असं का?

पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट घेतं, त्यामुळे १५०० ऐवजी १४९२ बाइटचंच पॅकेट मावतं. समोरच्या सर्व्हरला हे कळवणारा निरोप वाटेत कुणीतरी अडवला की मोठी पॅकेट हरवत राहतात आणि छोटी जातात. पिंग छोटा असतो, म्हणून तो चालतो. उपाय: फायरवॉलमध्ये टीसीपीचं (बहुतेक साइट ज्या पद्धतीने डेटा पाठवतात तिचं) 'एमएसएस', म्हणजे एका पॅकेटमधल्या डेटाची कमाल, १४५२ वर बांधा. आयपीव्ही६ साठी, म्हणजे नव्या लांब पत्त्यांच्या पद्धतीसाठी, १४३२. एनएफटेबल्समध्ये आकडा न लिहिता 'मार्गाच्या एमटीयूप्रमाणे (मावणाऱ्या सर्वांत मोठ्या पॅकेटप्रमाणे) ठेव' असंही सांगता येतं, मी तेच करतो.

८. मर्यादेचा आकडा किती ठेवायचा?

मोजलेल्या वेगाच्या ९० टक्क्यांपासून सुरुवात करा. प्लॅनवर छापलेल्या वेगाच्या नव्हे, मोजलेल्या.

जाणूनबुजून १० टक्के सोडायला लोकांचा जीव होत नाही, ते मला समजतं. पैसे भरलेले असतात. पण रांग नेहमी सर्वांत अरुंद जागी लागते. टोलनाक्यावरची रांग नाक्यापाशीच लागते, तुमच्या सोसायटीच्या गेटवर नाही. अरुंद जागा ऑपरेटरच्या डब्यात असेल तोवर तिथल्या रांगेवर तुमचा काहीच हक्क चालत नाही. तुमचा राउटर त्याहून जरा कमी वेगाने सोडायला लागला की रांग तुमच्याकडे येते, आणि मग कुणाला आधी सोडायचं हे तुम्ही ठरवता. सगळी गंमत या १० टक्क्यांत आहे.

वेग सकाळी सहाला आणि रात्री दहाला, दोन्ही वेळा मोजा. जीपीओएन या घरगुती फायबरच्या पद्धतीत खाली येणारे सुमारे २.५ जीबीपीएस एकाच फायबरवरच्या ३२ किंवा ६४ घरांत वाटले जातात, त्यामुळे रात्री आकडा घसरू शकतो. रात्रीचा आकडा धरा. मग पिंगची चाचणी करत दोन-दोन टक्क्यांनी वर जा. पिंग चढायला लागला की एक पायरी मागे या.

९. डाउनलोडला मर्यादा माझ्या बाजूने कशी लागेल? डेटा तर आधीच येऊन पोचलेला असतो.

शंका बरोबर आहे. पाठवणाऱ्याला थेट थांबवता येत नाही, पण टीसीपीचा स्वभाव कामी येतो: एखादं पॅकेट हरवलं किंवा पोच उशिरा मिळाली की पाठवणारा आपणहून हळू होतो. आलेला डेटा तुम्ही घरात ठरलेल्या वेगानेच सोडलात, की पलीकडचा सर्व्हर काही क्षणांत त्या वेगावर येतो.

लिनक्समध्ये रांगेची शिस्त बाहेर जाणाऱ्या दिशेलाच लावता येते. म्हणून आत येणारी वाहतूक 'आयएफबी' नावाच्या आभासी इंटरफेसकडे वळवायची आणि त्याच्यावर केक लावायचं. सोपा मार्गही आहे: घरातल्या पोर्टच्या बाहेर जाणाऱ्या दिशेला केक लावा, कारण इंटरनेटवरून आलेलं सगळं तिथूनच घरात जातं. मात्र राउटरवरच सिनेमांचा फाइल सर्व्हर ठेवला असेल तर तोही त्या मर्यादेत अडकेल. अशा घरी आयएफबीच हवं.

१०. केकला कोणते पर्याय द्यायचे? यादी फार मोठी आहे.

बहुतेक घरांना चार-पाच पुरतात. 'बँडविड्थ' आणि प्रश्न ८ मधला आकडा. अपलोडच्या बाजूला 'ड्युअल-एसआरसीहोस्ट', डाउनलोडच्या बाजूला 'ड्युअल-डीएसटीहोस्ट'. यामुळे वाटणी आधी माणशी, म्हणजे खरं तर यंत्रामागे होते आणि मग त्या यंत्रातल्या कामांमध्ये. एकाने टॉरेंटची दोनशे कनेक्शनं उघडली तरी त्याचा वाटा एकाचाच राहतो. बाहेरच्या इंटरफेसवर किंवा आयएफबीवर लावत असाल तर 'नॅट' हा शब्द द्यायलाच हवा, नाहीतर केकला सगळं घर एकच यंत्र दिसतं. आयएफबीवर 'इन्ग्रेस'ही द्या. शेवटी 'ओव्हरहेड', म्हणजे प्रत्येक पॅकेटमागे वाटेत लागणारे जादा बाइट: नेमका आकडा माहीत नसेल तर थोडा जास्त धरा. जास्त धरला तर वेग किंचित कमी मिळतो, कमी धरला तर रांग पुन्हा ऑपरेटरकडे जाते.

११. मर्यादा लावली, पण काहीच फरक नाही. किंवा भलताच फरक पडलाय.

आधी एकक तपासा. रांगेची शिस्त लावणाऱ्या 'टीसी' या आज्ञेत 'एमबिट' म्हणजे मेगाबिट, पण 'एमबीपीएस' लिहिलंत तर ती मेगाबाइट समजते. ९० च्या जागी ७२० ची मर्यादा लागते, म्हणजे लागतच नाही.

एकक बरोबर असेल तर 'फ्लो ऑफलोड' चालू आहे का बघा. वेग वाढवण्यासाठी ते पॅकेट आडवाटेने पुढे ढकलतं आणि तुमची रांग चुकवतं. ते बंद करा. त्यानंतर इंटरफेस तपासा. 'टीसी'ला आकडेवारी मागितली की कोणत्या रांगेतून किती बाइट गेले ते दिसतं. मोठी फाइल उतरवतानाही तो आकडा हलत नसेल तर चुकीच्या पोर्टवर लावलं आहे.

याउलट वेग खूपच कमी पडला तर प्रोसेसर बघा. रांग सांभाळण्याचं काम बहुधा एकाच कोअरवर पडतं. एकूण वापर २५ टक्के दिसत असेल आणि चारपैकी एक कोअर पूर्ण भरलेला असेल, तर यंत्र दमलं आहे.

१२. पाच जण राहतो, भाडं सारखं भरतो. प्रत्येकाला २० एमबीपीएस बांधून देऊ का?

देता येतं. 'एचटीबी' या वर्ग पाडून वेग बांधणाऱ्या रांगेत प्रत्येकाचा वर्ग करायचा, 'रेट' २० आणि 'सील'ही २०. पण तसं करू नका अशी माझी विनंती आहे. रात्री दोनला एकटा जागा असलेला मुलगा टेस्ट सीरिजचे व्हिडिओ उतरवतो तेव्हा बाकीचे ८० एमबीपीएस कुणाच्याच कामाचे नसतात. केकची माणशी वाटणी हेच न्यायाने करते: सगळे ओढत असतील तर सारखा वाटा, एकटाच असेल तर सगळं त्याचं. कर्वेनगरच्या त्या फ्लॅटमध्ये हेच लावलं. अपलोड चालू असताना पिंग ९ ते १४ मध्ये राहिला, आणि कुणाला किती मिळतं यावरची भांडणं थांबली.

एचटीबी वापरायचंच असेल तर 'रेट' म्हणजे हमी आणि 'सील' म्हणजे कमाल हे लक्षात ठेवा. सीलला पूर्ण लाइनचा आकडा द्या. प्रत्येक वर्गाखाली एफक्यू-कोडेल लावायला विसरू नका, नाहीतर वर्गाच्या आत तीच जुनी रांग तुंबते.

१३. मुलीच्या मोबाइलला रात्री दहानंतर मर्यादा लावली होती. दोन दिवसांनी ती गायब.

मोबाइल आता प्रत्येक वाय-फायसाठी बनावट मॅक पत्ता (यंत्राची नेटवर्कवरची ओळख) वापरतात. काही मोबाइल तो मधूनमधून बदलतातही, आणि नेटवर्क विसरून पुन्हा जोडल्यावरही बदलू शकतो. पत्त्यावर टांगलेला नियम मग पडतो. त्या मोबाइलमध्ये घरच्या वाय-फायपुरता 'खासगी पत्ता' बंद करता येतो. त्याहून टिकाऊ म्हणजे मुलांसाठी वेगळं वाय-फाय नाव, ते वेगळ्या व्हीलॅनवर, आणि वेळेचा नियम त्या पूर्ण व्हीलॅनला. आणि हे मुलीला सांगून करा. लपवून लावलेला नियम मोबाइल डेटाने सहज मोडतो.

१४. फक्त यूट्यूब हळू करता येईल का? आणि ऑफिसच्या व्हीपीएनला प्राधान्य?

यूट्यूब वेगळं ओळखणं कठीण आहे. ते पोर्ट ४४३ वरूनच येतं, बऱ्याचदा टीसीपीऐवजी यूडीपीवरच्या 'क्विक' या नव्या पद्धतीने, आणि सगळं कूटबद्ध. बँक आणि यूट्यूब बाहेरून सारखेच दिसतात. पत्त्यांच्या याद्या ठेवल्या तर त्या आठवड्यात शिळ्या होतात. यंत्रामागे वाटणी नीट असली की याची गरज पडत नाही, असा माझा अनुभव आहे.

व्हीपीएनची अडचण वेगळी. हिंजवडीत नोकरी आणि घरून काम असलेल्यांचा हा नेहमीचा प्रश्न: केक असूनही ऑफिसची फाइल चढवताना ऑफिसचाच कॉल अडखळतो. लॅपटॉपवरचं व्हीपीएन सगळं एकाच नळीत घालतं, त्यामुळे राउटरला फाइल आणि कॉल वेगळे दिसत नाहीत. घरातल्या इतरांपासून त्या नळीचं रक्षण होतं, नळीच्या आत काहीही करता येत नाही. ऑफिसच्या आयटी विभागाने कॉल व्हीपीएनबाहेर सोडायची परवानगी दिली तरच सुटतं, नाहीतर अपलोड करणाऱ्या प्रोग्रॅममध्येच वेग बांधा.

१५. आयपीव्ही६ बंदच करून टाकू का?

नको. पण तीन गोष्टी सांभाळा.

लिनक्सवर फॉरवर्डिंग चालू केलं की राउटर ऑपरेटरकडून येणाऱ्या आयपीव्ही६ घोषणा ऐकणं सोडतो आणि मार्ग नाहीसा होतो. बाहेरच्या इंटरफेसवर 'ॲक्सेप्ट-आरए' २ करा.

आयपीव्ही६ मध्ये नॅट नसतं. घरातला टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर प्रत्येकाचा पत्ता जगाला दिसतो. प्रश्न ६ मधली तिसरी गोष्ट इथे अनिवार्य होते, आणि ती आयपीव्ही४ पुरती लिहून थांबू नका. एनएफटेबल्समध्ये 'आयनेट' प्रकारचा टेबल घेतला की एकच नियम दोन्हींना लागतो. आयसीएमपीव्ही६, म्हणजे नेटवर्कचे आपसातले निरोप, मात्र सरसकट अडवू नका, त्याच्यावाचून आयपीव्ही६ चालतच नाही.

तिसरं म्हणजे वाटणी. एका मोबाइलला एक आयपीव्ही४ आणि दोन-तीन आयपीव्ही६ पत्ते असू शकतात, आणि केक प्रत्येक पत्त्याला वेगळं यंत्र समजतं. त्यामुळे काहींना थोडा जास्त वाटा मिळतो. व्यवहारात यावरून तक्रार आलेली मला आठवत नाही.

१६. बाहेरून घरचा कॅमेरा बघायचाय. पोर्ट फॉरवर्ड केलं तरी दिसत नाही.

पोर्ट फॉरवर्ड म्हणजे बाहेरून आलेली मागणी घरातल्या ठरावीक यंत्राकडे पाठवणं. राउटरचा बाहेरचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ या पट्ट्यात सुरू होत असेल तर तुम्ही ऑपरेटरच्या सामायिक नॅटमागे आहात. २०१२ मध्ये हा पट्टा त्यासाठीच राखून ठेवला. तिथे तुमचं पोर्ट फॉरवर्डिंग निरुपयोगी. स्थिर सार्वजनिक पत्ता विकत मिळतो का विचारा, किंवा बाहेर भाड्याचं छोटं सर्व्हर घेऊन घरातून त्याच्याकडे 'वायरगार्ड' हे व्हीपीएन लावा. सार्वजनिक पत्ता मिळाला तरी कॅमेऱ्याचं पोर्ट उघडं टाकू नका, तेव्हाही वायरगार्डमधूनच जा.

१७. डेटाची मासिक मर्यादा संपतेय. कोण वापरतंय ते कळेल का?

पूर्ण घराचा वापर 'व्हीएनस्टॅट' दाखवतो. यंत्रानुसार हवा असेल तर एनएफटेबल्समध्ये पत्त्यानुसार काउंटर ठेवा. प्लॅनची मर्यादा महिन्याला ३,३०० जीबी असेल तर ते दिवसाला ११० जीबी होतात. घरगुती वापरात एवढं संपत असेल तर एखादा कॅमेरा सतत क्लाउडवर चढतोय का ते आधी बघा.

१८. फायबर तुटलं की मोबाइलच्या ५जी वर आपोआप जायला हवं. आणि तिथे मर्यादा किती ठेवायची?

दोन्ही मार्ग डिफॉल्ट ठेवा, फायबरला कमी 'मेट्रिक' (कमी आकड्याचा मार्ग आधी वापरला जातो). पण रस्ता खणताना फायबर तुटलं तरी ओएनयू आणि राउटरमधली केबल शाबूत असते, म्हणून राउटरला सगळं ठीक वाटतं. फायबरच्या इंटरफेसमधूनच बाहेर पिंग करून बघणारी छोटी स्क्रिप्ट ठेवा. सलग पाच वेळा उत्तर आलं नाही तरच मार्ग बदला. एका चुकलेल्या पिंगवर बदलू लागलात तर पावसाळ्यात दिवसभर इकडून तिकडे चालू राहील.

५जी चा वेग मिनिटामिनिटाला बदलतो, त्यामुळे प्रश्न ८ चा एक आकडा तिथे बसत नाही. 'केक-ऑटोरेट' ही स्क्रिप्ट पिंगवर लक्ष ठेवून मर्यादा वरखाली करते. ते जमत नसेल तर दिवसातल्या वाईट वेळेचा आकडा घ्या. कॉल नीट चालतील, डाउनलोड हळू होईल.

१९. वीज जाऊन आल्यावर राउटर चालू होतो, पण इंटरनेट येत नाही.

रास्पबेरी पाय ४ मध्ये बॅटरीवरचं घड्याळ नसतं. वीज आल्यावर तो जुन्या वेळेवर जागा होतो. डीएनएसमास्कमध्ये डीएनएससेक, म्हणजे डीएनएसच्या उत्तरांवरच्या डिजिटल सह्यांची तपासणी, चालू असेल तर चुकीच्या वेळेमुळे सह्या अवैध ठरतात, नावं उलगडत नाहीत, आणि वेळ सांगणाऱ्या सर्व्हरचं नावही उलगडत नाही. वेळेचा एक सर्व्हर आयपी पत्त्यानेच लिहून ठेवा, किंवा 'डीएस३२३१' हे छोटं घड्याळ बोर्डला जोडा. लॉग रॅममध्ये ठेवा, म्हणजे मेमरी कार्ड जास्त टिकतं.

छोटा डीसी यूपीएस घेणार असाल तर ओएनयूच्या ॲडॉप्टरवरचे व्होल्ट आणि ॲम्पियर कागदावर लिहून दुकानात जा. पायला ५ व्होल्ट लागतात, ओएनयूला बहुधा १२. आणि यूपीएसवर दोन्ही हवेत. एकालाच बॅकअप दिलेली घरं मी बरीच पाहिली.

२०. ऑफिसातून घरच्या राउटरची फायरवॉल बदलली आणि माझंच कनेक्शन तुटलं. आता?

आता घरी कुणीतरी बटण दाबेपर्यंत वाट पाहावी लागेल, आणि त्याचाही उपयोग नवे नियम तुम्ही अजून फाइलमध्ये कायमचे लिहिले नसतील तरच. माझ्याकडून हे एकदा झालं. एनएफटेबल्सचे नियम नव्याने चढवताना आधीचे पुसणारी ओळ वर होती आणि एसएसएचची, म्हणजे दुरून राउटरवर लॉगिन करू देणारी, ओळ टाइप करताना पोर्टचा एक अंक चुकला. घरी आई एकटी होती आणि तिचा डॉक्टरांचा कॉल वीस मिनिटांवर होता. फोनवर तिला म्हणालो, "टीव्हीच्या मागचा काळा डबा, हिरवा दिवा, त्याची पिन काढून दहा आकडे मोज आणि लाव." कॉल वेळेत झाला, पण ती वीस मिनिटं मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून हा क्रम मोडत नाही. आधी नियमांची फाइल न लावता फक्त तपासायची. एनएफटेबल्सच्या 'एनएफटी' या आज्ञेला 'सी' आणि पीएफच्या 'पीएफसीटीएल'ला 'एन' हा पर्याय त्यासाठीच आहे. पण तपासणीत व्याकरण कळतं, चुकलेला अंक कळत नाही. म्हणून नवे नियम लावण्याआधी पार्श्वभूमीत एक काम सोडून ठेवायचं: तीन मिनिटांनी जुनी फाइल परत चढव. मग नवे नियम लावायचे, दुसरी खिडकी उघडून नव्याने एसएसएच होतंय का बघायचं. होत असेल तर ते काम रद्द करायचं आणि मगच नियम कायमच्या फाइलमध्ये लिहायचे. होत नसेल तर हात लावू नका. तीन मिनिटं थांबा.